एक वर्ष बीजगणिताचं, एक वर्ष भूमितीचं

गणिताच्या मास्तरला मोजता येत नाही असं म्हटलं की लोक हसतात. एवढ्या एका गोष्टीवर मी कितीतरी बैठका रंगवल्या आहेत. हा प्रसंग मात्र सहसा सांगत नाही. ऐकणारे अर्ध्यापर्यंत हसतात आणि पुढं माझ्याकडे बघायचं टाळतात.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यात धाड गावाच्या बाजूला एका मोठ्या गावात नवं हायस्कूल निघालं होतं, आठवी ते अकरावी, आणि अकरावीला मॅट्रिक. गणिताचा मास्तर एकच, तो मी. बी.एस्सी. झालेला माणूस त्या भागात इतका दुर्मिळ की पहिल्या आठवड्यात लोक शाळेच्या खिडकीतून मला बघून जायचे. निदान मला तसं वाटायचं. पुढं कळलं की त्या खिडकीखाली सावली असते आणि बाजाराच्या दिवशी लोक तिथं बैल बांधतात.

त्या वेळी मॅट्रिकला दोन तऱ्हेची गणितं होती. एक साधं गणित, म्हणजे व्याज, नफा-तोटा, नळ आणि हौद. दुसरं बीजगणित-भूमिती. कॉलेजात सायन्सला जायचं असेल तर दुसरं पाहिजे, आणि ते आमच्या शाळेत नव्हतं. ज्याला पाहिजे त्यानं बुलढाण्याला जावं. जाऊन राहायचं कोणाकडे, हा प्रश्न आला की बहुतेकांचं सायन्स तिथंच संपायचं.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. हा माणूस कमी बोलायचा. बोलायच्या जागी सुपारी कातरायचा. ‘‘मास्तर, बीजगणित-भूमिती आपल्या इथं सुरू करा,’’ ते म्हणाले.

‘‘नववी, दहावी, अकरावी, तिघांना दोन-दोन विषय. तास पुरत नाहीत. माणूस एक आहे.’’

‘‘म्हणून तं तुम्हाले सांगितलं. सोपं असतं तं मीच केलं असतं.’’

मी आठवडाभर जेवताना, झोपताना, आंघोळीला पाणी तापत असताना तेच डोक्यात घोळवलं आणि मला ती युक्ती सुचली. नववी आणि दहावी एका खोलीत बसवायची. एक वर्ष दोघांनाही बीजगणित शिकवायचं, दुसऱ्या वर्षी दोघांनाही भूमिती. बीजगणिताच्या वर्षी नववीत आलेलं पोर दहावीत भूमिती करील. भूमितीच्या वर्षी आलेलं पोर दहावीत बीजगणित करील. कोणाचं काय आधी, कोणाचं काय मागून, पण अकरावीत पाऊल टाकताना प्रत्येकाचं दोन्ही झालेलं. अकरावीत फक्त उजळणी आणि अवघड उदाहरणं. तास निम्मे, मास्तर एक, विषय पूर्ण.

याचा मी एक मोठा तक्ता केला. बीजगणिताची वर्षं लाल शाईनं, भूमितीची निळ्या शाईनं. तो ऑफिसात लावला आणि काहीतरी काम काढून दिवसातून दोन-तीनदा ऑफिसात जायला लागलो. तपासणीला आलेले साहेब त्याच्यासमोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘‘उत्तम. कोणाची कल्पना?’’ हेडमास्तरांनी अडकित्ता माझ्याकडे रोखला. मी खाली बघितलं. असं खाली बघण्याची तयारी मी आदल्या रात्री करून ठेवली होती.

योजनेच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे भूमितीच्या वर्षी, आठवीत एक मुलगी होती. जवळच्या एका लहान गावाहून एस्टीनं यायची. तिच्या गावात शाळा उशिरा सुरू झाल्यामुळे वर्गातल्या पोरांपेक्षा वयानं मोठी. मी फळ्यावर उदाहरण लिहून मागं वळेपर्यंत तिनं पेन खाली ठेवलेलं असे. कधी कधी मी मुद्दाम हळू वळायचो, पेनचा आवाज ऐकायला. असं पोर मास्तरच्या वाट्याला क्वचित येतं, आणि आलं की मास्तर बिघडतो.

एकदा सुट्टीत ती म्हणाली, ‘‘सर, मले तुमच्यासारखं फळ्यावर लिहाचं हाये.’’

‘‘म्हणजे मास्तरीण व्हायचंय?’’

‘‘हाव. पर बाबा लगनाचं म्हनतात.’’

मी तिच्या बापाला गाठायला धाडच्या बाजारात गेलो. तो मिरच्या-वांग्यांच्या ढिगामागे बसला होता. शेजारी एक बाई कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होती.

‘‘या मास्तर. वांगे घेता का?’’

‘‘वांगी नको. तुमची मुलगी पाहिजे,’’ मी म्हणालो आणि जीभ चावली. कोथिंबिरीवालीचा हात तसाच थांबला. मी बिनलग्नाचा, पंचविशीतला, डोक्याला तेल लावून आलेला. घाईघाईनं पुढचं बोललो, ‘‘म्हणजे शाळेत. तिला तीन वर्षं शाळेत ठेवा. नववी, दहावी, अकरावी. मॅट्रिक होऊ द्या.’’

‘‘पोरगी लगनाची झाली, मास्तर. तिकडं मेहकराकडल्या बीबी गावचे पाहुणे पाहून गेले. ते थांबून राह्यले. तीन जास्त होतात. एक घ्या.’’

‘‘एका वर्षात काय होतं?’’

‘‘मंग मी काय सांगू?’’

कोथिंबिरीवाली म्हणाली, ‘‘मधात तोडा ना बाप्पा. दोन करा. दोघायचंबी राह्यते.’’

बापानं एक मिरची उचलली, देठ बघितला, ठेवली. ‘‘दोन. दोन वर्सात मॅट्रिक पास झाली तं बुलढाण्याले मामाकडे ठेवतो, कालेजात टाकतो. नापास झाली तं बीबी. मधात काही नाही. अन् तिसरं वर्स मांगू नका.’’

‘‘नाही मागणार,’’ मी म्हणालो. त्यानं माझ्या पिशवीत मूठभर मिरच्या टाकल्या, सौदा पटल्यावर टाकतात तशा. मी विजयी होऊन परतलो. तीन वर्षांचे वर्ग दोन वर्षांत कसे बसवायचे ते मला वाटेतच सुचलं होतं.

त्या काळी हुशार पोराला डबल प्रमोशन देत. आठवी झाली की नववी गाळून थेट दहावीत. मी हेडमास्तरांकडे शिफारस घेऊन गेलो. ते सुपारी कातरत राहिले, मग म्हणाले, ‘‘नववीचं काय मंग?’’

‘‘साहेब, नववी-दहावी एकाच खोलीत बसतात. एकच शिकतात. तिला काय फरक पडतो?’’

हा मुद्दा मला इतका बिनतोड वाटला की संध्याकाळी इंग्रजीच्या मास्तरांच्या खोलीवर जाऊन मी तो त्यांना पुन्हा सांगितला.

जूनमध्ये ती दहावीत बसली. ते लाल शाईचं वर्ष, बीजगणिताचं. काय वर्ष होतं ते! अवयव पाडायला दिले की पोरगी ज्वारी पाखडावी तशी पाखडून पुढं. दहावीची मोठमोठी पोरं तिच्या वहीत डोकं घालायची. मी घरी बसून तिच्यासाठी वाकडी-तिकडी समीकरणं तयार करायचो. कधी कधी मलाच सुटायची नाहीत. मग सकाळी तिला देऊन मोकळा.

ती अकरावीत आली. पहिल्याच आठवड्यात उजळणी म्हणून मी फळ्यावर दोन बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढला. ‘‘पायाचे कोन सारखे, सिद्ध करा. हे तर झोपेत यायला पाहिजे.’’ सगळ्या माना खाली गेल्या. हिचे दोन्ही हात बाकावर.

‘‘काय गं, पेन नाही?’’

‘‘पेन हाये, सर. हे म्या पाह्यलंच नाही.’’

‘‘पाहिलं नाही म्हणजे? भूमितीच्या वर्षी कुठं होतीस?’’

‘‘आठवीत, सर.’’

वर्ग हसला. मीही हसलो. हसता हसताच मला ऑफिसातला तक्ता दिसायला लागला. लाल वर्ष, त्यात ती होती. त्याच्या आधीचं निळं वर्ष, तेव्हा ती आठवीत. यंदा पुन्हा निळं वर्ष, शेजारच्या खोलीत नववी-दहावीला, आणि ती अकरावीत. जो एक वर्ग गाळतो त्याला दोनांतलं एकच मिळतं. त्या तक्त्यात ते पहिल्या दिवसापासून होतं. मी तो दिवसातून तीनदा बघायचो.

‘‘मले वाटलं अकरावीत शिकोतात,’’ ती म्हणाली.

हेडमास्तरांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला, त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. ‘‘मास्तर, पोरीले साधं गणित द्या. बोर्डाचे फारम अजून जायाचे हायेत. ते तं ती डोळे मिटून काढते. मॅट्रिक वाचवा, भूमिती मरू द्या. कालेज तं होईन, सायन्स नाही तं नाही.’’

तो शहाणा सल्ला होता. मी म्हणालो, अशा बुद्धीला साधं गणित देणं म्हणजे अन्याय. हे बोलताना माझा आवाज भरून आला, तो खराही होता. पण तपासणीच्या साहेबांनी शेऱ्यात लिहिलं होतं की या शाळेत एक मुलगीही बीजगणित-भूमिती घेत आहे, आणि तो शेरा मला पाठ होता. तिला विचारलं तेही असं, की उत्तर एकच येईल. ‘‘नळ आणि हौद करशील, का भूमिती शिकशील?’’

‘‘तुम्ही शिकवसान तं करतो,’’ ती म्हणाली.

आता शिकवायचं कधी? नववी-दहावीच्या भूमितीच्या तासाला तिला पाठवावं, तर त्या तासाला अकरावीला इंग्रजी. इंग्रजीचे मास्तर म्हणाले, ‘‘तुमचा घोळ माझ्या विषयावर काढू नका. इंग्रजीत गेली तर?’’ तेही बरोबर होतं. तेव्हा भिंतीपलीकडे मी भूमिती शिकवायचो आणि भिंतीअलीकडे ती इंग्रजी क्रियापदांची रूपं म्हणायची. माझा आवाज मोठा, अकरावीत ऐकू जायचा. पण आकृती ऐकू येत नाही.

शाळा सुटल्यावर खोलीत दोघंच बसलो असतो तर गावानं दिवेलागणीच्या आत भलताच सिद्धांत सिद्ध केला असता. म्हणून आम्ही बस स्टँडवर बसायला लागलो. स्टँड म्हणजे एक लिंब, त्याखाली बाक आणि चहाचं हॉटेल. तिची गाडी येईपर्यंत जेवढी होईल तेवढी भूमिती. छत्रीच्या टोकानं मी धुळीत आकृत्या काढायचो आणि अर्धं गाव साक्षीला.

हॉटेलवाल्यानं विचारलं, ‘‘हे काय काढून राह्यले, मास्तर?’’

‘‘वर्तुळ. याला बाहेरून एक रेष टेकते, फक्त एकाच जागी.’’

‘‘मंग टेकू द्या ना. तुम्हाले काय तरास हाये?’’

ती तोंडावर हात ठेवून हसायची. पहिले काही महिने ती हसायची. एखाद दिवशी गाडी वेळेवर यायची आणि सिद्धता अर्ध्यात असायची. कंडक्टर दारातून म्हणायचा, ‘‘मास्तर, सरका. तुमच्या त्रिकोनावर गाडी लावाची हाये.’’ गाडी लागायची, ती चढायची, गाडी गेल्यावर धुळीत टायरची नक्षी. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यापासून. वर्षभराचा विषय असा एस्टीच्या वेळापत्रकावर चालला होता, आणि गाडी उशिरा यावी म्हणून मनातल्या मनात हात जोडणारा त्या तालुक्यात मी एकटाच असेन.

दिवाळीनंतर कापूस फुटला. वेचणीला घरचं प्रत्येक माणूस लागतं. आठवड्यातले निम्मे दिवस ती यायची नाही. यायची तेव्हा बोटं बोंडांनी ओरखडलेली, कंपास धरताना ती बोटं वाकडी व्हायची. मी मनात हिशेब केला आणि घाबरलो. मग ते केलं जे मी इतर मास्तरांना करू नका म्हणून सांगायचो. सिद्धता पाठ करायला दिल्या.

‘‘हे असं काऊन होते, सर?’’ तिनं विचारलं. ती सगळ्यालाच असं विचारायची, तीच तर तिची गोडी होती.

‘‘असंच लिही. कारणाला वेळ नाही.’’

पुढं आणखी एक-दोनदा तिनं विचारलं, मी तेच सांगितलं. मग तिनं विचारणं सोडलं. धुळीतली आकृती ती नुसती बघायची, आणि गाडीचा आवाज आला की माझ्याआधी उठायची.

मॅट्रिकच्या परीक्षेत बीजगणिताच्या पेपरातून ती सगळ्यांच्या आधी बाहेर आली आणि माझ्याकडे बघून हसली. भूमितीच्या पेपरातून सगळ्यांच्या शेवटी. कंपासपेटीला दोरा गुंडाळत होती.

‘‘किती लिहिलं?’’

‘‘पाठ होतं ते आलं नाही, सर. जे आलं ते समजलंच नाही.’’

निकालाचा पेपर स्टँडवरच आला. दोन्ही पेपरांत वेगवेगळं पास व्हावं लागे, आणि तिचा नंबर छापलेला नव्हता. वर बघितलं, खाली बघितलं, पान उलटून सोलापूरकडचेही नंबर बघितले, जणू चुकून तिकडे गेला असेल. बाकीची बहुतेक पोरं पास. भूमिती आधी आणि बीजगणित मागून शिकलेली ही पहिली तुकडी, तरी एवढा चांगला निकाल. हेडमास्तरांनी पेढे मागवले. योजना यशस्वी झाली होती. मी पेढा खाल्ला. हातात दिला तर काय करणार.

पुढच्या बाजाराला धाडला गेलो. तोच ढीग, तोच माणूस, शेजारी तीच कोथिंबिरीवाली.

‘‘ऑक्टोबरात पुन्हा बसता येतं,’’ मी म्हणालो. ‘‘फक्त गणित. चारच महिने द्या.’’

‘‘मधात काही नाही म्हटलं होतं ना म्या.’’

‘‘चूक माझी झाली. तिची नाही.’’

‘‘असन. पर बीबीच्या पाहुण्यायले मी काय सांगू? मास्तर चुकला म्हनून थांबा?’’ तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ‘‘दोन वर्सं तुम्हीच मान्य केले, मास्तर. मी देल्ले. एक दिवस कमी नाही देल्ला.’’

मी कोथिंबिरीवालीकडे बघितलं. म्हटलं, ही पुन्हा मधात तोडेल. ती पाणी शिंपडत राहिली.

‘‘लगनाले या,’’ बाप म्हणाला, आणि सवयीनं माझ्या पिशवीत मूठभर मिरच्या टाकल्या.

लग्नाला गेलो. पोरीचे मास्तर म्हणून मानानं पहिल्या पंगतीत बसवलं आणि आग्रह करून वाढलं.

तरी माझ्यातला मूर्ख शांत बसला नव्हता. पाऊस ओसरायच्या सुमारास परीक्षेचा फॉर्म पिशवीत घालून मी बीबीला गेलो. चिखलीला गाडी बदलली, मेहकरला बदलली, आणि प्रत्येक गाडीत सासऱ्याशी काय बोलायचं ते नव्यानं ठरवलं. सासरा चांगला निघाला. ओट्यावर घोंगडी टाकली, पानाचं तबक पुढं सरकवलं.

‘‘कोन्ता पेपर राह्यला म्हन्ता?’’

‘‘भूमिती. रेषा, कोन, वर्तुळ.’’

‘‘म्हनजे वावर मोजाचं?’’

‘‘तसंच काहीसं.’’

‘‘ते तं पटवारी करून देते,’’ तो समजुतीनं म्हणाला.

‘‘परीक्षेला बुलढाण्याला चार दिवस जावं लागेल. मी स्वतः...’’

‘‘कापूस निघू द्या, मास्तर. मंग पाहू.’’

कापूस निघायच्या आत परीक्षा होऊन जाणार होती. मी ते सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पुन्हा म्हणाला, ‘‘पाहू ना.’’

ती चहा घेऊन आली. डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या. कपबशी ठेवली आणि जायच्या ऐवजी दाराशी थांबली.

‘‘सर, यंदा नववी-दहावीले कोन्तं चालू हाये?’’

‘‘बीजगणित.’’

तिचे ओठ हलले, उदाहरण सोडवताना हलायचे तसे. ‘‘म्या हिशेब केला, सर. मी एक साल मागं आलो असतो तरी अर्धंच भेटलं असतं, पुढं आलो असतो तरी अर्धंच. कोन्तं अर्धं, तेवढाच फरक. नववी गाळली की तुमच्या तक्त्यात पुरं बसतच नाही.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. वही पुढं करताना असायचा तोच आवाज. ‘‘बरोबर हाये ना?’’

इतक्या वर्षांत तिच्या वहीवर मी दुसरं काही लिहिलं नव्हतं. ‘‘बरोबर आहे,’’ मी म्हणालो.

सासऱ्याला बरं वाटलं. ‘‘पाहा,’’ तो मला म्हणाला, ‘‘अजून येते तिले सारं.’’

ती आत गेली. मी चहा संपवला. फॉर्म पिशवीतच होता. तो ना मी काढला, ना कोणी मागितला.